तळ्याची साक्ष

धरणाच्या बागेत तळ्याकाठच्या कर्ण्यात तारीख सांगितली, की त्या दिवशी पाण्यावर उमटलेले आवाज जसेच्या तसे ऐकू येत. नव्या जावयापुढे फुशारक्या मारताना दत्तोबा हे साफ विसरले.

"जावईबापू, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तुमची सासू इथंच बुडत होती. मी बुटांसकट उडी मारली!"

"मग ऐकूच या की, मामा!" जावयाने तारीख सांगितली.

कर्ण्यातून दत्तोबांचाच तरणा आवाज किंचाळला, "केशर, वाचव गं! मला पोहता येत नाही!"

दत्तोबांची मान खाली गेली.

"तो दुसराच कुणी," शेजारी उभ्या केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या बायकोचंही नाव केशरच होतं."

इतकी सफाईदार थाप दत्तोबांनाही कधी जमली नव्हती. त्यांना बायकोकडे बघवेना.