वावरातलं काईच नको

जयवंताबाईनं पालकाचा शेवटचा वाफा उपटला आणि खोल खड्डा खणून त्यात पुरला. बकरीलाही एक पान दिलं नाही.

नाल्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची शेड होती. तिचं पाणी नाल्यात, नाल्याचं वावरात. ज्वारी गुडघ्याच्या वर जाईना, पानं पिवळी पडली, उपटून पाहिली तर मुळं आखूड आणि काळी. पालक मात्र असा हिरवागार, की कोणाची दृष्ट लागावी. आणि तपासून घेतल्यावर शिसं नेमकं त्याच्यातच निघालं. मेल्यानं फसवलं, असं ती येताजाता म्हणायची.

सुनेचं, सुनयनाचं, पहिलं पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले, तर रक्तात शिसं. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, त्या वावरातलं काही पोटात जाता कामा नये.

जयवंताबाईनं हे असं मनावर घेतलं की काही विचारू नका. भाजी इचोड्याच्या बाजारातून, ज्वारी भावाकडून, पाणी कॅनचं. मुलानं, पंकजनं, एकदा सवयीनं बांधावरची अंबाडी खुडून आणली. तिनं ती हातातून हिसकून उकिरड्यावर टाकली.

"जीव घेतं का पोरीचा?" एवढंच बोलली. पंकजनं पुन्हा वावरातून काडी आणली नाही.

वावर पडीक पडलं. तरी तिची रोजची चक्कर काही सुटली नाही. पदर सावरत घरी यायची आणि आल्याबरोबर चुलीवर तवा ठेवायची. सुनयना तिथंच येऊन बसायची. दिवसभर उलट्यांनी हैराण झालेली पोर तेवढ्यात जरा हसायची. सासू-सुनेचं हे गूळपीठ शेजारणींना बघवत नसे.

पुढच्या तपासणीत शिसं वाढलेलं निघालं.

डॉक्टरीणबाई चिडल्या. काजळ, कुंकू, भांडी, हळद, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी सरळच विचारलं, त्या शेतातलं काही खाता का? सुनयनानं मान खाली घातली. जयवंताबाईच बोलली.

"पोटातल्या लेकराची आन, एक पान घरात येऊ देत नाई मी."

ते खोटं नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले.

गावी, तामसीला, परतताना बसमध्ये पंकज तपासणीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. जयवंताबाई सुनेचा हात घट्ट धरून बसली. मनात एकच धावा चालला होता. देवा, हे तरी पोर राहू दे.

घरी येऊन तिनं चूल पेटवली. सुनयना भिंतीला टेकली होती. तोंड सुकलेलं, डोळे भरलेले.

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईले सांगाले पायजे होतं का?" तिनं हळूच विचारलं.

"काऊन? थे तं खान्यापिन्याचं विचारून राह्यली होती," जयवंताबाई म्हणाली. "पंकजच्या वक्ती मले बी हेच डोहाळे होते. काई झालं का त्याले? गर्भारशीचं मन मारू नाई, बाई."

तिनं तव्यावरून एक तुकडा उचलला, फुंकून गार केला आणि मायेनं सुनेच्या हातावर ठेवला. पालक पुरायला खणलेल्या खड्ड्यातलं, काळ्याभोर मातीचं, खरपूस भाजलेलं ढेकूळ.