जुन्या नकाशाची टॅक्सी

"अरे, रस्त्यांची नावं दर महिन्याला बदलतायत आणि तुझा नकाशा अजून ईस्टरच्या आधीचा! अपडेट करायला बोट दुखतं का तुझं?" युक्रेनमधल्या पोल्तावाच्या टॅक्सीतळावर सोबतचा टॅक्सीवाला झिनोवी रोज टोचायचा. पूर्वी दर रविवारी न चुकता नकाशा अपडेट करणारा युखिम हल्ली "करू, करू" म्हणत फडकं उचलायचा आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायचा. पडद्यावरच्या त्या बटणापर्यंत त्याचं बोट दिवसातून कितीदा तरी जायचं आणि तसंच मागे यायचं.

त्या दुपारी एक मुलगी मागे येऊन बसली. "काका, देम्यान ओव्चारेंको मार्ग."

युखिमचा हात गिअरवरच थबकला.

"सापडणार नाही तुमच्या जुन्या नकाशात. आधीची गिरणी गल्ली हो! युद्धात गेलेल्या कुणा मुलाचं नाव दिलंय ईस्टरनंतर. थांबा, मी मोबाइलवर लावते."

मोबाइलमधली बाई पेट्रोल पंपाचं नाव घ्यावं तशा सुरात म्हणाली, "पुढे उजवीकडे वळा, देम्यान ओव्चारेंको मार्ग."

"बंद कर ते!" तो खेकसला. मग आवाज खाली आणत म्हणाला, "रस्ता ठाऊक आहे, पोरी. घर आहे तिथं माझं."

"तिथंच राहता आणि नाव माहीत नाही?"

"माहीत आहे." त्याने गाडी सुरू केली. "तो जन्मला, तेव्हा मीच ठेवलं होतं."