थेंबवाल्या बाईंचा अर्ज

"काका, एक अर्ज लिहून हवा होता. नगरपालिकेला द्यायचाय. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

दारातल्या बाई चाळिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, छातीशी धरलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि चपला कुणी सांगायच्या आधीच बाहेर काढून ठेवलेल्या.

काकांचं अक्षर चांगलं होतंच. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही गल्ली त्यांना नकाशेवालेच म्हणायची.

"या, बसा ना. कशाबद्दल आहे अर्ज?"

"माझं काम गेलं. पाणी तपासायचं."

नकाशेवाल्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. थेंबवाल्या बाई म्हणून कुणी आहेत एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा मात्र आज पहिल्यांदाच दिसत होता. बाई रोज सकाळी साडेसहाला खालच्या नळावर येऊन जायच्या, तेव्हा नकाशेवाले झोपेत असायचे.

दोन महिन्यांपूर्वी पाणीपट्टी वाढणार म्हणून सभा भरली होती. नकाशेवाले अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक पेन्सिलीच्या खुणा करकरून वाचून गेले होते. माइक हातात आला आणि त्यांना भलताच सूर लागला. "एका माणसाला आपण पगार देतो, कशाचा? तर पाण्याचा रंग बघण्याचा! अहो, डोळे आमच्या घरीही आहेत. आम्ही फुकट बघू!" सभागृह खो खो हसलं. टाळ्या थांबेनात. पाणीपट्टी वाढली नाही, काही खर्चांना कात्री लागली, आणि पुढचा आठवडाभर त्यांना चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. यांनी आपल्याला ओळखलेलं नाही, असं नकाशेवाल्यांनी स्वतःला सांगितलं.

बायकोने पाण्याचा पेला आणून ठेवला. कागद आणायला ते आत गेले तशी ती पाठोपाठ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगून टाका त्यांना."

"अर्ज तर लिहू दे आधी."

"त्या उठून जातील म्हणून भीती वाटते, की बसून राहतील म्हणून?"

कागद घेऊन ते बाहेर आले.

"परिस्थिती हलाखीची आहे, असं घालू?"

"नको. हलाखी नाही. शिवणकाम मिळतंय थोडंफार. पाणी कुणीतरी बघायला हवं, एवढंच लिहा."

"बरं. म्हणजे काम नेमकं काय होतं?"

"नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे. पिवळं झालं की पाण्यात जंतू मारायचं औषध आहे. मग वहीत लिहायचं आणि पुढच्या नळावर." बाई जरा थांबल्या. "तीन वर्षांपूर्वी एकदा दुपारपर्यंत पाणी आलं नव्हतं. आठवतं का?"

आठवत होतं. त्या दिवशी त्यांनी नगरपालिकेला दोन पानी तक्रार पाठवली होती. कामचुकार कर्मचाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी, असं शेवटी ठळक अक्षरात लिहून खाली रेघही मारली होती.

"त्या दिवशी थेंब टाकले तरी पाण्याचा रंग बदलेना. दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण औषधच पडलं नव्हतं. मी पंपघरापर्यंत पळत गेले आणि पाणी बंद करायला लावलं."

"मग हे कुणाला कळलं कसं नाही?"

"कुणी आजारी पडलं असतं तर कळलं असतं."

नकाशेवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"आणि आता कोण बघतं?"

"कुणी नाही. मी माझ्या घरचं बघते. बाटलीत थोडे थेंब उरलेत."

बाईंसमोरचा पेला काठोकाठ भरलेला होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. नकाशेवाल्यांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं.

बराच वेळ लागला. दर ओळीला सभेतल्या टाळ्या कानांत वाजत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. महोदयांनी कृपाळू होऊन विचार करावा, अर्जदार आपली आजन्म ऋणी राहील, असं सगळं त्यात होतं. 'काही कारणास्तव सदर पद रद्द झाले,' ही ओळ त्यांनी घाईघाईने वाचली.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी होते त्या सभेला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मागच्या रांगेत. सगळे हसले तशी मीही हसले. आपल्याबद्दल चाललंय हे कळायला जरा वेळ लागला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

बाईंनी कागद उचलला, एकदा वरून खालपर्यंत पाहिला आणि अलगद परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तिथं तुम्ही याच्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलला होता, काका. तसं लिहा. लोक हसले नाहीत तरी चालेल."