पिंपावरची टकटक

कुम्बा आजीच्या तळहातावर मी काचेची गोटी ठेवली आणि ती पडद्याआड गेली. आमच्या गांबियात उमेदवाराचा फोटो असलेल्या पिंपात गोटी पडून घंटी वाजली, की मत झालं. घंट्यांचा घोळ नको म्हणून सायकलीसुद्धा आम्ही लांब ठेवायला लावल्या होत्या. घंटी काही वाजेना. उलट एकेका पिंपावर टकटक ऐकू आली. आत डोकावायची आम्हाला मुभा नाही, म्हणून मी बाहेरूनच विचारलं, "आजी, ठोकताय कशाला? रांग उन्हात वाळतेय." "माठ मी नेहमी वाजवूनच घेते." रांगेतून कोणीतरी खेकसलं, "म्हातारे, फोटो बघून टाक की." "मागच्या वेळी फोटोच बघितला होता." अखेर घंटी वाजली. आजी डोक्यावरचं फडकं सावरत बाहेर आली. "मिळाला चांगला माठ?" मी विचारलं. "सगळेच तडकलेले." "मग गोटी टाकलीत कशाला?" "पाणी तर भरावंच लागतं, पोरा."