बांधीचा कोपरा

भाताचा रोवणा संपत आला होता. अनुसयाबाईच्या हातात पऱ्ह्यांच्या रोपांची शेवटची जुडी होती. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तिचा थोरला मुलगा कागद-पेन्सिल घेऊन कान टवकारून उभा होता. बांधीत, त्या भातखाचरात, वाकून गाणाऱ्या एकाही बाईने त्याच्याकडे पाहिले नाही.

बारा वर्षांपूर्वी तो केवळराम होता. बाप्तिस्मा घेऊन ईश्वरदास झाला आणि त्याच आठवड्यात जातपंचायत बसली. जो याच्याशी बोलेल, याचे नाव घेईल, त्याचे घर जातीबाहेर. घरात दोन धाकटे भाऊ लग्नाचे होते. आईने मान खाली घातली. दुसरे काय करणार बिचारी!

तेव्हापासून तो गोंदियाच्या मिशनमध्ये पोरांना शिकवी आणि ख्रिस्ती गीते रची. पादरीसाहेब विलायती चाली पेटीवर वाजवून दाखवत, पण त्या याच्या गळी उतरत नसत. याला सुचत त्या आईच्या चाली. पदर खोचून, गुडघाभर चिखलात वाकून म्हटलेल्या. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून गाणाऱ्यांना कुठे माहीत, की आपण प्रभूची स्तुती रोवण्याच्या चालीवर करतो आहोत.

आता गीतपुस्तक छापायला जायचे होते आणि एकच गीत अडले होते. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, त्या गोष्टीचे. मुलगा परतीच्या वाटेला लागतो, इथवर तीन कडवी झाली. बाप धावतो त्या चौथ्या कडव्याला चाल मिळेना. हवी होती ती चाल वर्षातून एकदाच कानी पडायची. शेवटची जुडी रोवताना आई घरच्या मुलांची नावे गाई, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि पहिल्याच नावाला तिचा आवाज असा चढे की बोडीच्या पाण्यावरचे बगळे उडत. तो चढ काही केल्या त्याला आठवत नव्हता. आता नावे मधल्या केशोरावपासून सुरू होतील, हे त्याने मनाशी कबूल केले होते. आपल्याला काय, फक्त चाल हवी. निदान वाटभर तो स्वतःला असेच सांगत आला होता.

गाणे शेवटाला आले. आईने कंबर सरळ केली, एकदा आभाळाकडे पाहिले आणि गप्प झाली. हातातली जुडी तिने तशीच कोपऱ्यात ठेवली आणि हात धुतले.

"माय," तो म्हणाला, "तेवढं कडवं मन ना. आयकतो अन् जातो मी."

ती त्याच्या शेजारून निघून गेली. इतक्या जवळून की तिच्या लुगड्याचे पाणी त्याच्या बुटांवर ठिबकले. बाकीच्या बायाही तिच्या मागोमाग गेल्या.

त्याला रडू कोसळले. वाळीत टाकल्याचे दुःख त्याने मुकाट्याने सोसले होते. पण आपल्या पायी घरचे गाणे अर्धे राहिले, भरल्या बांधीचा कोपरा उघडा पडला, हे त्याला सोसवेना. आपण यायलाच नको होते, असे त्याला वाटले.

म्हातारी रुख्मा टोपली उचलायला मागे राहिली होती. पंचांचा नियम तिलाही होताच. म्हणून ती त्याच्याकडे पाठ करून वाकली आणि कोपऱ्यातल्या जुडीशीच बोलू लागली.

"रडून काऊन राहिला बापा? बुढी का आजच थांबली? बारा वर्सं झाले, हा कोपरा असाच उघडा रायते. धाकले पोरं मनतात, आमचं तरी नाव घे. थे मनते, थोरल्याले सोडून मले सुरूच करता येत नाई."