फिद्दाचा हट्ट

तिसऱ्या दिवसाची माणसं उठून गेली आणि इन्साफनं बहिणीच्या घराच्या खिडक्या एकेक करून लावायला घेतल्या. खाली अम्मानचा बाजार रोजच्यासारखा गजबजला होता. दुखवट्याची कडू कॉफी किटलीच्या तळाशी निवून गेली होती.

तिचा मुलगा, हानी, मागून आणलेल्या खुर्च्या परत करायला निघाला. जाता जाता म्हणाला, की हे घर आता विकून टाकू. आईच्या मागची पायऱ्यांची ब्याद एकदाची टळली. इन्साफच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि अल्लाहसमोर तिला त्याची लाज वाटत होती.

डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर, माथ्यावर हे थोरल्या बहिणीचं, फिद्दाचं. मध्ये दगडी पायऱ्या, सरळ आभाळात गेल्यासारख्या.

इन्साफचं साखरेचं दुखणं जुनं. पायाचं एक बोट कापावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघी बहिणींसमोर बजावलं होतं, की रोज चाला, नाहीतर पुढच्या वेळी पाऊल जाईल. जखम भरल्यावर ती आठवडाभर चालली. मग पाहुणे आले, मग उन्हाळा आला, मग राहूनच गेलं.

त्याच वर्षी फिद्दाचे गुडघे धरले. निदान ती तसं म्हणायची. तेव्हापासून पहाटेची नमाज झाली, की इन्साफ डबा घेऊन पायऱ्या चढू लागली. पाऊस असो, बर्फ असो, ईद असो. फिद्दाला शेजारणीच्या हातचं चालत नसे, हानीबरोबर पाठवलेलं तर मुळीच नाही. इन्साफ धापा टाकत दारात टेकली, की ती आधी विचारायची, वाटेत कुणाची वरात आडवी आली होती का. मग मसुराच्या सुपाचा घोट घेऊन तोंड वाकडं करायची. लिंबू कमी. जिरं करपलेलं. उद्या नीट करून आण.

साखर आटोक्यात आली. डॉक्टर चकित झाले. इन्साफ म्हणायची, अल्लाहची कृपा आणि भिजवलेली मेथी.

आता शेजारीण उम्म साएर, म्हणजे साएरची आई, मोरीत कप विसळत होती. तिच्यासमोर इन्साफला राहवलं नाही.

"माझ्याकडे उन्हाची खोली रिकामी पडली होती. दर थंडीत विनवायचे तिला. तर म्हणे, तुझ्या घरात कांद्याचा वास मारतो. आणि इथं एकटी गेली, तोंडात पाणी घालायला कुणी नाही. एवढा कसला गं हट्ट?"

उम्म साएरनं कप पालथा घातला. खालच्या आवाजात ती सांगू लागली, की फिद्दाला रात्रीची भीती वाटायची. वाऱ्यानं दार वाजलं, की भिंतीवर टकटक करायची, नुसतं कुणी ओ द्यावं म्हणून. थंडीत तिच्या छातीत कळ येऊन गेली होती.

"मी म्हटलं, बाई, आता तरी जा बहिणीकडे. गाठोडंसुद्धा बांधलं होतं तिनं, उम्म हानी. सकाळी पायऱ्यांवर तुझ्या चपला वाजल्या, आणि सोडून टाकलं."

"का?"

"म्हणाली, मी खाली गेले, तर इन्साफ चढेल कुणासाठी?"