दाराचा सिनेमा

“तिसरीत तो नाही,” ऑपरेटर म्हणाला आणि चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

मुलीने कागदावर इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या तीन सेवांची नावे लिहिली होती. उद्या सकाळी ती आपल्या घरी परतणार होती. त्याआधी आईबाबांच्या टीव्हीवर यांतली एक सुरू करून द्यायचीच, असा तिचा हट्ट. पहिलीत मालिका उदंड होत्या, दुसरीत खेळांचे सामने, तिसरीत जुने चित्रपट. आईची अट मात्र एकच होती: ज्यात दाराचा सिनेमा असेल, ती घ्यायची.

“तुम्ही कधी शोधलंत, बाबा?”

“शिंप्याच्या फोनवर. त्याच्याकडे आहे ती. सगळी चाळली. शिवाय चित्र फार अडकतं म्हणतो तो.”

“तुमच्या टॉकीजपेक्षा कमीच अडकत असेल,” आई म्हणाली.

लेक हसली. ऑपरेटरही हसला, पण ते हसू ओठांच्या आत पोचले नाही. शिंप्याच्या फोनवर त्याला तो सिनेमा दिसला होता. दुसऱ्या ओळीत, दाराच्या चित्रासकट.

तीस वर्षे त्याने टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवला. टॉकीज बंद पडली, नाव तेवढे अंगाला चिकटून राहिले. ज्या म्हाताऱ्याने त्याला काम शिकवले, त्याने एकच धडा दिला होता: “चित्र आपलं नसतं. आपण नुसता उजेड धरायचा.” तो धडा त्याने जन्मभर पाळला. एका सिनेमापुरता मोडला.

या मुलीच्या आधी त्यांना एक मुलगा होता. चार वर्षांचा असताना तापाने गेला. घरून निरोप आला तेव्हा ऑपरेटर तिसरे रीळ चढवत होता. हॉल भरलेला होता. खेळ संपवूनच तो निघाला. घरी पोचला तेव्हा बायको उंबऱ्यात बसली होती आणि घाई करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. महिन्याभराने एक जुना सिनेमा टॉकीजला पुन्हा लागला. पुरात हरवलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची गोष्ट. अखेरीस दारावर थाप पडते, आई उठते, कडीला हात घालते. बाहेर मूल नसते; त्याचा ओला सदरा घेऊन नावाडी उभा असतो.

“मला बघायचाय,” बायको म्हणाली. महिन्याभरातले ते तिचे पहिले वाक्य होते. नाही म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

त्या दुपारी त्याने ब्लेड घेतले. कडीवर हात आणि ओठांवर हसू, एवढ्यावर फिल्म कापली आणि तिथेच ‘समाप्त’ची पाटी जोडली. चार मिनिटांचा तुकडा डब्यात लपवला. प्रिंट परत पाठवताना पुन्हा जोडून दिला. सिनेमा तीनदा फेरीला आला; तिन्ही वेळा त्याने कापला आणि तिन्ही वेळा ती पाहायला आली. पाटी झळकली, की ती मागे वळून केबिनच्या झरोक्याकडे पाही. झोत डोळ्यांवर येत असावा, असे त्याला वाटे.

तेव्हापासून घरात काही अडले, की तिचे ठरलेले वाक्य असे: “येईल. दाराच्या सिनेमात आलंच की पोर घरी.” टॉकीज बंद झाली आणि तो चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हाही ती उशाशी बसून हेच म्हणाली. दर वेळी त्याच्या काळजात ते ब्लेड फिरे. एकदा हा सिनेमा टीव्हीवर लागणार होता. त्या दिवशी त्याने गच्चीवर जाऊन अँटेनाची तार सैल केली होती.

संध्याकाळी लेकीने फोनवर खातरजमा केली.

“बाबा, हा काय दुसऱ्या ओळीत. नाही कसं म्हणालात?”

“दिसला नसेल,” आईच मध्ये बोलली. “सकाळपासून चष्मा पुसतायत. लाव.”

या वेळी सैल करायला तार नव्हती.

तिघे बसले. पडद्यावर पूर आला, गेला. नावाड्याच्या तोंडून तिला कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेले बरे, असे ऑपरेटरने मनाशी दहादा ठरवले.

“अगं, ऐक. मला काही सांगायचंय.”

“सिनेमा चालू असताना बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शेवटाबद्दल आहे.”

“मग तर मुळीच नाही. पोरीने पाहिला नाहीये अजून.”

इतकी वर्षे गप्प राहिलेल्या माणसाला अजून एकदा गप्प राहणे जड गेले नाही, आणि त्याचीच त्याला अधिक शरम वाटली. केबिनमध्ये हाताशी निदान एक यंत्र असायचे. इथे त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते.

थाप पडली. पडद्यावरची आई उठली, हसली, तिने कडीला हात घातला. ऑपरेटरने डोळे मिटून घेतले.

खोलीत एकाएकी शांतता पसरली. त्याने डोळे उघडले. पडदा काळा होता आणि रिमोट बायकोच्या हातात होता.

“आई, बंद काय केलंस? अजून चार मिनिटं आहेत.”

“ती मी पाहिली आहेत,” रिकामे कप गोळा करत ती म्हणाली. “लग्नाआधी, माहेरी असताना.”